सोडलेलं ताट

"'सुगरण'ला जायचं, नाहीतर मी येत नाही," शैला हेडफोन एका कानावरून सरकवत म्हणाली, आणि त्याच दमात माउथपीसमध्ये गोड आवाजात बोलली, "पुणे लागतंय साहेब, लाइनवर राहा."

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची पाळी. ट्रंककॉलच्या बोर्डासमोर आम्ही चौघी ओळीनं बसलेल्या: शैला बाबर, मेहरून मुलाणी, कुमुद फडतरे आणि मी. वयानं मी सगळ्यांत मोठी, म्हणून गोदाताई. घरोघरी फोन यायच्या आधीची गोष्ट आहे. तेव्हा परगावी बोलायचं तर माणसाला आमच्या हाताखालून जावं लागे.

त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला जाणार होतो. कुमुद सुपरवायझरची परीक्षा पास झाली होती आणि नेमणूक आली होती कोल्हापूरची. नेमणूक मान्य असल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत साहेबांच्या टेबलावर पडायला हवं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. कुमुदनं सही केली होती. पत्र मात्र ती पर्समध्ये घेऊन हिंडत होती, कारण घरी ठेवायची सोय नव्हती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती थोरल्या दिरांच्या घरात राहायची. दिनकरराव फडतरे. ते एकदाच म्हणाले होते, "कोल्हापूर-बिल्हापूर काही नाही." त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नव्हता. मुलगी दिवाळीच्या सुटीला कऱ्हाडला आजोळी होती आणि कुमुद घरी सांगून आली होती की आज डबल ड्यूटी आहे, रात्री नऊपर्यंत.

"'सुगरण'मध्ये काय ठेवलंय?" मेहरूननं विचारलं. "तो आचारी पालकात साखर घालतो. त्यापेक्षा 'अलका'."

"'अलका'त फॅमिली रूम आहे," मी म्हटलं. "पडदा आहे. निवांत बसता येतं."

"पडद्यामागं निवांत मी घरीच बसते की!" शैला म्हणाली. "गोदाताई, तुम्ही तर बोलणारसुद्धा नाही. तुम्हाला पडदा कशाला हवा?"

ते खरं होतं. माझा नेम होता. चातुर्मासात मी मौनानं जेवायची. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खूण नाही. चुकून बोललं तर ताटाला नमस्कार करून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही, आणि व्रत मोडलं ते मोडलं. माझा श्रीधर सात वर्षांचा असताना टायफॉइडनं हातचा जायला निघाला होता, तेव्हा मी बोलून गेले होते: बारा चातुर्मास. हा बारावा होता. त्यातले चार दिवस उरले होते. कार्तिकी एकादशी झाली की उद्यापन. गुरुजींना मी मेहुण सांगून ठेवलं होतं, पुरणाची डाळसुद्धा निवडून झाली होती.

"कांदा-लसूण नाही, वांगं नाही, बोलणं नाही," शैला बोटांवर मोजत म्हणाली. "गोदाताईंना जेवायला नेणं म्हणजे देवाची पालखी नेण्यासारखं आहे. नुसतं मिरवायचं."

"मग बापू लोहारांच्या हॉटेलात चला," मेहरून म्हणाली. "स्टँडच्या मागं. असली मिसळ मिळते म्हणे, ड्रायव्हर लोक रडत रडत खातात."

आम्ही सगळ्या हसलो. बापूंकडे एस.टी.चे ड्रायव्हर जात, तालमीतले पैलवान जात, आठवडी बाजाराचे हमाल जात.

"तिथं बाई एकच," शैला म्हणाली. "भिंतीवरच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी. तिलाही खाली उतरायची चोरी."

कुमुदनं बोर्डावरची एक कॉर्ड उपसली, जागेवर सोडली आणि म्हणाली, "सुगरण. बाहेरच्या हॉलमध्ये. खिडकीजवळ. मला एकदा पडदा नसलेल्या ठिकाणी जेवायचंय."

ठरलं. शैलानं ट्रंककॉलच्या कोऱ्या तिकिटावर लिहिलं, 'सुगरण, सात वाजता, चार जणी, एक मुकी', आणि तिकीट माझ्यासमोर चिकटवलं. मला हसू आलं. तिथल्या आचाऱ्याला माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करायला सांगायचं तिनं अंगावर घेतलं.

दोनला सुटून मी घरी गेले, आणि पाचच्या सुमाराला देवळात. चातुर्मासात विठ्ठलाला रोज एकशे आठ प्रदक्षिणा, त्याही न बोलता. मुठीत तुळशीच्या मण्यांची माळ. चाळिसावी की एक्केचाळिसावी चालू होती तेव्हा सिंधूवहिनी समोर आल्या. कुमुदची थोरली जाऊ. बाई वाईट नव्हत्या. हातात तेलाची वाटी होती.

"गोदाताई, तुम्ही इथं कशा?" त्या माझ्याबरोबर चालायला लागल्या. "कुमुद तर म्हणाली, आज सगळ्यांनाच डबल ड्यूटी आहे. तुम्हाला नाही?"

मी मणी पुढं सरकवला.

"नाही, आपलं विचारते. आहे ना तिला ड्यूटी?"

माझ्या तोंडून एवढंच निघायला हवं होतं: आहे. ते खोटं झालं असतं. 'नाही' म्हणाले असते तर चहाडी. मला दोन्ही करायची वेळ आली नाही, कारण मला बोलायचंच नव्हतं. मी हात जोडले आणि चालत राहिले. बरं वाटलं, हेही सांगते. मनात म्हटलं, पांडुरंगानं सोडवलं. वळून पाहिलं तेव्हा सिंधूवहिनी समईपाशी तेलाची वाटी तशीच धरून उभ्या होत्या.

'सुगरण' भरलेलं होतं. आम्ही आत शिरलो तसा गल्ल्यावरचा माणूस सवयीनं म्हणाला, "लेडीज आहेत, वर फॅमिली रूममध्ये बसा."

"लेडीज आहेत म्हणूनच खाली बसणार आहेत," शैला म्हणाली आणि खिडकीजवळच्या टेबलावर पर्स टाकून मोकळी झाली.

दुपारभर शैलाकडे थांबलेल्या कुमुदनं अबोली रंगाची साडी नेसली होती. चार वर्षांत मी तिला करड्याशिवाय पाहिलं नव्हतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेरून जाणाऱ्या माणसांना ती दिसत होती आणि ती त्यांना खुशाल दिसू देत होती.

"कोल्हापूरला गेल्यावर पहिलं काय करणार?" मेहरूननं विचारलं.

"खोली बघीन. खिडकीची."

"आणि मग?"

"मग खिडकीत बसून जेवीन."

"या बाईला दुसरं स्वप्नच नाही," शैला म्हणाली. "अगं, तू आमची साहेब होणार. जोरात बोलायला शीक. 'बाबर, लाइन का लागत नाही?' म्हण बघू!"

"बाबर," कुमुद हळूच म्हणाली.

"मांजरानं म्याव केल्यासारखं काय म्हणतेस!"

ताटं आली. मी चित्राहुती घातल्या, आपोशन घेतलं आणि गप्प झाले. माझ्या दोन्ही बाजूंनी त्यांचं हसणं वाहत होतं. मेहरून कुणा मामलेदाराची नक्कल करत होती, जो बायकोला फोन लावून मिळाला की घाबरून ठेवून द्यायचा. मला हसू दाबावं लागत होतं. बारा चातुर्मास मी यांच्याबरोबर जेवत होते, पण जेवताना यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

माझी दुसरी पुरी अर्धी झाली होती, तेव्हा कुमुद खिडकीतून बाहेर बघत एकदम थांबली. तिच्या हातातला घास ताटात पडला.

दिनकरराव आत आले. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. भजनातून उठून आले असावेत. त्यांनी आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. खुर्ची ओढून ते आमच्या टेबलाशी बसले, घरचंच कार्य असल्यासारखे.

"एक्स्चेंजवर जाऊन आलो," ते म्हणाले. "वॉचमन म्हणाला, बाया तर दोनलाच सुटल्या, 'सुगरण'ला जेवायला जाणार होत्या. आमच्या मंडळी देवळातून आल्या आणि म्हणाल्या, गोदाताईंना विचारलं तर त्यांनी नुसते हात जोडले. तेव्हाच मी ओळखलं. गोदाताई खोटं बोलायच्या नाहीत."

मी पाणी प्यायले.

"भाऊजी, मी सांगणारच होते," कुमुद म्हणाली.

"काय सांगणार होतीस? ड्यूटी आहे म्हणून की कोल्हापूरला चाललीस म्हणून?" त्यांनी तिच्या साडीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "एकटी बाई, पदरात मुलगी. परक्या गावात कोण आहे तुझं? आम्ही तुला काय कमी केलं?"

"काहीच नाही."

"मग?"

कुमुद ताटात पडलेला घास गोळा करायला लागली. शैलानं तोंड उघडलं, "दिनकरराव, अहो, तिनं परीक्षा दिलीय..."

"शैलाबाई, तुमचं मला माहीत आहे. तुम्ही कुणालाही कुठंही पाठवाल." मग ते माझ्याकडे वळले. "मला यांचं ऐकायचंय. गोदाताई, तुम्ही नेमधर्माच्या बाई. तुमचं नाव आम्ही कीर्तनात घेतो. तुम्ही सांगा हिला. हे योग्य आहे? हे देवाला तरी पटेल?"

शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या.

दिनकररावांना माझा नेम माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त पाठ होता. मागच्याच एकादशीला देवळात त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "मौनभोजन शिकावं ते गोदाताईंकडून. घर पडलं तरी बोलायच्या नाहीत." माझ्यापुढं अर्धी पुरी होती, हे ते बघत होते.

ते थांबले. घाई न करता माझ्या उत्तराची वाट बघितली. मग कुमुदकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "बघितलंस? गोदाताईंनाही पटत नाहीये. पटत असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. ऊठ. आणि तो कागद कुठाय तो दे. उद्या मीच साहेबांना भेटून सांगतो."

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही माझा नेम ठाऊक होता. ती काही मागत नव्हती. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि चेन उघडली.

मला श्रीधर दिसला. सात वर्षांचा, गालफडं बसलेला, डोक्यावर ओली घडी. देवापुढं तांदळावर ठेवलेली नवसाची सुपारी दिसली. मग कुमुदचा हात दिसला, पर्समध्ये मनगटापर्यंत गेलेला.

"कुमुद, पर्स बंद कर," मी म्हटलं.

माझा आवाज मोठा नव्हता. माझा आवाज कधीच मोठा नसतो. पण मेहरूनच्या हातातला पेला टेबलावर आपटला आणि पाणी सांडलं. शैलानं तोंडावर हात नेला.

दिनकरराव खुर्चीवरून अर्धे उठले. "गोदाताई! मौन मोडलंत?"

"मोडलं."

"अहो, चार दिवस राहिले होते! बारावं वर्ष!"

"मला मोजता येतं, दिनकरराव. आता मोडलंच आहे, तर पुरतं बोलते. देवाला काय पटतं ते मला ठाऊक नाही. मी रोज विचारते, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. पण मला काय वाटतं ते तुम्ही विचारलंत. मला वाटतं, कुमुदनं जावं. मुलीला घेऊन जावं. ती परीक्षा देत होती तेव्हा रात्रपाळीत मी तिची उत्तरं म्हणवून घेत होते."

"तुम्ही?"

"मी. आणि आणखी एक. मी गप्प होते ते देवासाठी. माझ्या गप्प राहण्यावर तुमची सही करायची नाही."

ते बुक्का लावलेल्या कपाळावरून हात फिरवत राहिले. खरं सांगते, कुमुदपेक्षा माझ्या ताटाकडे बघून त्यांचा चेहरा जास्त उतरला होता. "काय केलंत हे," ते दोनदा म्हणाले. मग कुमुदला म्हणाले, "घरी ये, मग बघू."

"घरी येणारच आहे," कुमुद म्हणाली. पर्सची चेन तिनं ओढून घेतली होती. "माझं सामान तिथंच आहे. उद्या दहानंतर येईन. आज गोदाताईंकडे राहते."

हे आम्ही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. माझ्याकडेच."

ते गेले. मी ताटाला नमस्कार केला आणि उठले. अर्धी पुरी, वाटीतलं वरण, माझ्यासाठी वेगळी केलेली भाजी, सगळं तसंच. मोरीवर जाऊन हात धुतले. नळ बंद करायला मला दोन्ही हात लागले.

परत आले तर तिघी उभ्या होत्या.

"बसा गं. तुम्ही जेवा," मी म्हटलं.

"तुमचं ताट गेलं आणि आम्ही पुऱ्या तोडू?" मेहरून म्हणाली. "या टेबलावर आता माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही."

"मग 'अलका'त जाऊ," शैला म्हणाली. "पडद्यामागं. चला, गोदाताईंचंच ऐकू."

"नाही," मी म्हटलं. "या खेपेला हॉटेल मी निवडणार."

"निवडा की. पण तुम्ही तर आता खाणार नाही."

"म्हणूनच. मला भाजीत काय घातलंय ते बघायचं नाही. बापू लोहारांकडे जाऊ."

शैला अशी हसली की गल्ल्यावरचा माणूस मान वर करून बघायला लागला.

स्टँडच्या मागं, पत्र्याच्या छपराखाली बापूंचं हॉटेल. लाकडी बाकं, तर्रीचा तवंग, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. आम्ही आत गेलो आणि सगळ्यांचे पाव रश्श्यातच राहिले. एक पैलवान तोंडात घास धरून तसाच थांबला. कढईपाशी उभे असलेले बापू लोहार गडबडीनं पंच्याला हात पुसत पुढं आले.

"बाई, इथं फॅमिली रूम नाही हो."

"नकोच आहे," मी म्हटलं. "मधलं बाक द्या. लक्ष्मीच्या खालचं."

दोन ड्रायव्हर उठले आणि बाक पुसून बाजूला झाले. तीन मिसळी आल्या. मी पाणी घेतलं. कुमुदनं पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि ते मिसळीचं की कशाचं ते कुणी विचारलं नाही. पैलवानानं न सांगता दह्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

आणि मी बोलले. बारा चातुर्मासांत त्या जेवत असताना मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि मला थांबता येईना. लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या पिठल्याची गोष्ट सांगितली. एकदा मिनिस्टरचा कॉल मी चुकून शेणखतवाल्याला जोडला होता, आणि दोघं चांगली पाच मिनिटं बोलले होते, ते सांगितलं. शैला बाकावरून घसरायची बाकी होती.

"गोदाताई," मेहरून डोळे पुसत म्हणाली, "एवढं पोटात ठेवून तुम्ही जेवत तरी कशा होतात?"

बापू ऐकत उभे होते. "बाई, परत कधी येताय?"

"माझा मंगळवारचा उपास सोडून कधीही," मी म्हटलं.

निघताना कुमुदनं पर्समधून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुमच्या देवापाशी ठेवा. मी सकाळी घेते."

घरी आलो तेव्हा श्रीधर अभ्यास करत बसला होता. कुमुदला बघून त्यानं गादी आणायला सुरुवात केली. मी पाकीट देवघरात सुपारीशेजारी ठेवलं आणि वळले.

"आई, जेवलीस?"

"नाही."

"मग एवढी खूश कशी?"

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. थंड होतं. तो म्हणाला, "हे काय," आणि उशी आणायला गेला.

सकाळी दहाला पाच मिनिटं असताना पत्र साहेबांच्या टेबलावर होतं. महिन्याभरानं कुमुद मुलीला घेऊन कोल्हापूरला गेली. तिची बस सुटायच्या वेळी सिंधूवहिनी स्टँडवर डबा घेऊन आल्या होत्या. दिनकरराव आले नाहीत. देवळात ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि कीर्तनात माझं नाव घेणंही बंद झालं.

उद्यापन झालं नाही. निवडलेली डाळ मी डब्यात परत भरली. गुरुजी हळहळले. म्हणाले, खंडित झालं, आता करायचं तर पहिल्यापासून. मी म्हटलं, पहिल्यापासून करू.

आषाढी एकादशीला ते संकल्प सांगायला आले. मी पाटावर बसले, उजवा तळवा खोलगट करून पुढं केला. त्यांनी पळीनं पाणी घातलं आणि म्हणायला लागले. तिथी, वार, गोत्र, बारा चातुर्मास मौनभोजन. त्यांनी 'करिष्ये' म्हणायच्या आधी मी म्हटलं, "थांबा. त्यात एक घाला. समोर कुणाला माझ्या शब्दाची गरज पडली, तर बोलेन. ताट सोडीन, उपाशी राहीन, पण व्रत मोडलं असं धरायचं नाही."

गुरुजींनी पोथीवरून मान वर केली. "गोदाताई, संकल्पाला अट घालता येत नाही. देवापुढं अशी बोलणी करायची नसतात. तुम्ही तर जाणत्या बाई. असं कुठंही सांगितलेलं नाही."

तळव्यातलं पाणी बोटांच्या फटीतून झिरपायला लागलं होतं.

"नसू दे," मी म्हटलं, स्वतःच 'करिष्ये' म्हणाले आणि पाणी ताम्हनात सोडलं.